पाककृतींच्या गर्दीत आपला ब्लॉग वेगळा कसा उभा करावा

'वांग्याचे भरीत' एवढे शब्द टंकून शोध घेतला की मराठीतील पानांची रांग लागते. त्यांतील पहिली आठ-दहा पाने शांतपणे वाचली, तर बहुतेक ठिकाणी मजकूर जवळजवळ एकच आढळतो: वांगे धुऊन पुसावे, गॅसवर भाजावे, साल काढावी, कांदा परतावा, मीठ चवीनुसार घालावे. यात चूक कोठेही नाही. मात्र वांगे कोणत्या जातीचे घ्यावे, ते आतपर्यंत भाजले गेले हे कसे ओळखावे, कांदा कच्चा घालतात की परतून, आणि लिहिणारी व्यक्ती नेमकी कोणत्या भागातले भरीत सांगत आहे, यांपैकी काहीच हाती लागत नाही. पाककृतींचा नवा मराठी ब्लॉग सुरू करणाऱ्याने स्पर्धेला घाबरण्याआधी ही पाने वहीत टिपणे काढत वाचावीत, कारण त्यांत जे राहून गेले आहे तीच आपली जागा असते.

पहिले काम म्हणजे क्षेत्र लहान करणे. 'महाराष्ट्रीय पदार्थ' हे नाव मोठे आहे आणि म्हणूनच निरुपयोगी आहे. त्या नावाखाली आधीच इतके लिहिले गेले आहे की नवीन माणसाचा आवाज तेथे ऐकू जाणार नाही. त्याऐवजी खानदेशातला हिवाळा, एका तालुक्यातल्या पावसाळी रानभाज्या, मालवणी घरातले श्रावणातले शाकाहारी जेवण, परदेशातल्या मराठी घरात मिळेल त्या जिन्नसांतून केलेले सणाचे पदार्थ, असे एखादे लहान वर्तुळ आखावे. वर्तुळ योग्य आखले आहे की नाही, याची एक सोपी कसोटी मी स्वतः वापरतो. एका बैठकीत, कोणतेही पुस्तक न उघडता, त्या विषयावरील चाळीस लेखांची शीर्षके लिहून काढावीत. चाळीस सहज झाली, तर विषय तुमचा आहे. बाराव्या-पंधराव्या शीर्षकालाच हात थांबला, तर एकतर वर्तुळ फार लहान झाले आहे किंवा तो विषय तुमच्या स्वयंपाकघरातला नाही, आणि दुसरे कारण असेल तर विषय सोडून द्यावा हेच बरे.

क्षेत्र ठरले की प्रत्येक पदार्थाच्या अगदी जवळ जावे लागते. भरिताचेच उदाहरण पुढे नेतो, कारण माझे लहानपण खानदेशात गेले आणि भरीत मी चुलीजवळ बसून शिकलो. जळगाव परिसरातले भरिताचे वांगे मोठे, फिकट हिरवट, गर जास्त आणि बिया कमी असलेले असते. या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. थंडी पडली की शेतात भरिताच्या पार्ट्या होतात. तेथे वांगी गॅसवर भाजत नाहीत. कपाशीच्या पऱ्हाट्या किंवा तुराट्या, म्हणजे कापसाच्या किंवा तुरीच्या वाळलेल्या काड्या, पेटवून त्यांच्या जाळावर ती उलटसुलट करत भाजतात, आणि त्या धुराचा वास गरात उतरतो. हिरव्या मिरच्याही भाजून घेतात. मग हे सगळे लाकडी बडगीत मुसळाने ठेचतात, वरून कांद्याची पात, लसूण, कोथिंबीर, शेंगदाणे आणि तेल, आणि सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या. एवढे लिहिल्यावरच वाचणाऱ्याला कळते की हे पान इतर पानांसारखे नाही. तेवढ्यावर थांबू मात्र नये. पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या सदनिकेत पऱ्हाट्या कोठून येणार, हा वाचकाचा खरा प्रश्न आहे. गॅसवर भाजलेल्या वांग्यात काय कमी पडते, ज्योत किती ठेवावी, वांग्याला आधी तेलाचा हात लावावा की नाही, मिक्सरमध्ये गर फिरवला तर तो गुळगुळीत होऊन भरिताचा पोत का जातो, हे सगळे स्वतः करून पाहून लिहावे. गावाकडची रीत आणि शहरातली सोय या दोन्हींमधला पूल जो बांधून देतो, त्याच्याकडे वाचक परत येतो.

मापांविषयी थोडे सविस्तर बोलावे लागेल, कारण मराठी पाककृतींतील सर्वांत मोठी उणीव मला येथेच दिसते. 'एक वाटी डाळ' असे आपण सहज लिहितो. पण कोणाच्या घरातली वाटी शंभर मिलिलिटरची असते, तर कोणाची दोनशेची. डाळ आणि पाणी दोन्ही त्याच वाटीने मोजले तर प्रमाण टिकते. परंतु गूळ ग्रॅममध्ये, पीठ वाटीने आणि दूध लिटरमध्ये सांगितले की सगळा मेळ बिघडतो. म्हणून ब्लॉगच्या सुरुवातीलाच आपल्या वाटीचे माप एकदा स्पष्ट लिहावे, चमचा ५ मिलिलिटरचा की १५ मिलिलिटरचा हे सांगावे, आणि पीठ, गूळ, रवा यांसारखे जिन्नस काट्यावर तोलून ग्रॅममध्ये द्यावेत. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा फार महाग नसतो, आणि ब्लॉगसाठी करावयाच्या खर्चांत तो कॅमेऱ्याच्याही आधी यावा असे माझे ठाम मत आहे. 'चवीपुरते' हा शब्द काढून टाकण्याची गरज नाही, पण त्याच्या शेजारी 'मी इतके घातले' असा आकडा असला पाहिजे. नव्याने स्वयंपाक शिकणाऱ्याला स्वतःच्या चवीचा अंदाज आलेला नसतो, आणि असे आकडे शोधत बहुधा तोच येत असतो.

यापुढची गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. पदार्थ जमला तर कोणी शोध घेत नाही. बिघडला की घेतो. अनारसे तळताना तुपात पसरून त्यांची जाळी विस्कटली, तर आपल्याकडे 'अनारसे हसले' असे म्हणतात. त्या क्षणी कढईसमोर उभ्या असलेल्या व्यक्तीला अनारशांचा इतिहास नको असतो. पिठात गूळ जास्त झाला आहे का, पीठ फार सैल आहे का, तूप पुरेसे तापले आहे का, आणि उरलेले पीठ वाचवण्यासाठी त्यात थोडी तांदळाची पिठी मळून एकच अनारसा आधी तळून पाहावा का, एवढेच तिला हवे असते. अशा बिघाडांवर स्वतंत्र लेख लिहावेत आणि शीर्षकात वाचकाच्या तोंडचे शब्द ठेवावेत: 'अनारसे तुपात का हसतात', 'पुरण सैल झाले तर काय करावे', 'मोदकाची पारी का फाटते'. असा लेख लिहायचा तर पदार्थ मुद्दाम बिघडवून पाहावा लागतो. मी गुळाचे प्रमाण वाढवत नेऊन अनारशांचे तीन घाणे हसवले आणि तिन्हींची छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवली. त्या लेखावर जितकी पत्रे आली तितकी माझ्या कोणत्याही सुबक ताटावर आली नाहीत.

छायाचित्रांचा विषय निघालाच आहे तर एवढेच सांगतो की सजवलेल्या ताटाचे एक चित्र पुरे आहे, बाकीची चित्रे कृतीच्या वळणांची हवीत. पाकाची एक तार बोटांमध्ये कशी दिसते, वांगे भाजून खचल्यावर कसे दिसते, भाकरीचे पीठ किती मळले की कडा फुटत नाही, हे शब्दांपेक्षा चित्रात लवकर कळते. खिडकीजवळचा दिवसाचा उजेड वापरावा, आणि चित्रे वर चढवण्याआधी त्यांचा आकार कमी करावा, कारण गावाकडे मोबाईलचे जाळे मंद असताना जड पान उघडत नाही.

भाषेच्या बाबतीत मराठी लेखकाला मोठी संधी आहे आणि ती बहुतेक वेळा वाया जाते. एकाच जिन्नसाला जिल्ह्याजिल्ह्यांत वेगळी नावे आहेत. कोणाचे पिठले ते कोणाचे बेसन, कोणाची पोळी ती कोणाची चपाती, कोणी वालाचे बिरडे म्हणेल तर कोणी डाळिंब्यांची उसळ. आपल्या घरातला शब्द शीर्षकात अभिमानाने ठेवावा आणि इतर नावे मजकुरात, वाक्याच्या ओघात, एकदा तरी आणावीत. त्यामुळे दुसऱ्या भागातल्या वाचकाला पान सापडते आणि पदार्थाची ओळखही पटते. अनेक मराठी माणसे पदार्थाचे नाव रोमन लिपीत टंकतात, हेही ध्यानात ठेवावे. लेखाचा संकेतस्थळावरील पत्ता (यूआरएल) रोमन लिपीत आणि थोडक्यात ठेवणे सोयीचे जाते. देवनागरी पत्ता नक्कल करून पाठवला की बऱ्याचदा त्याचे रूपांतर टक्क्यांच्या चिन्हांच्या लांबलचक माळेत होते. 'भरीत' या छोट्या शब्दातील चार चिन्हांची छत्तीस अक्षरे होतात, आणि व्हॉट्सॅपवर अशी माळ पाहून लोक ती उघडायला कचरतात. मजकूर मात्र देवनागरीतच असावा.

लेख केव्हा प्रसिद्ध करावा, याचे उत्तर पंचांगात आणि बाजारात आहे. भरिताचा लेख ऑक्टोबरात तयार हवा, रानभाज्यांचा मेअखेर, तिळाच्या वड्यांचा डिसेंबरच्या सुरुवातीला. शोधयंत्राला नवे पान सापडून ते दिसू लागायला वेळ लागतो, आणि संक्रांतीच्या आदल्या रात्री प्रसिद्ध केलेला लेख त्या वर्षी फारसा कोणाच्या उपयोगी पडत नाही. अधिक मासाकडे तर विशेष लक्ष ठेवावे. २०२३ साली अधिक श्रावण होता, २०२६ साली अधिक ज्येष्ठ. या महिन्यात जावयाला तेहेतीस अनारशांचे वाण देण्याची रीत असल्याने एरवी दिवाळीपुरता आठवणारा पदार्थ भर उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात घरोघरी केला जातो, आणि दमट हवेत पीठ कसे सांभाळावे असे दिवाळीत न पडणारे प्रश्न पडतात. ज्याने हे आधी ओळखले, त्याच्या लेखाला त्या महिन्यात तोड नसते.

लेखांची संख्या वाढवण्याच्या मागे लागू नये. पंधरा दिवसांतून एक लेख, पण दोनदा करून पाहिलेला, हे प्रमाण नोकरी-घर सांभाळून निभावता येते. सर्वसाधारण कृती आता यंत्रही क्षणात लिहून देते. त्याला तुमच्या चुलीचा धूर आणि तुमच्या काट्यावरचे वजन मात्र ठाऊक नसते. तीन-चार महिने झाले की गूगलचे 'सर्च कन्सोल' हे विनामूल्य साधन उघडून पाहावे. कोणते शब्द टंकल्यावर आपले पान दिसले आणि किती जणांनी ते उघडले, हे तेथे कळते. एखाद्या शब्दासाठी पान पुष्कळांना दिसत असूनही कोणी उघडत नसेल, तर शीर्षक तपासावे. आपण ज्याचे उत्तर दिलेलेच नाही असा प्रश्न त्या यादीत सापडला, तर नवा लेख न लिहिता जुन्याच लेखात तो भाग नीट भरून काढावा आणि सुधारणेची तारीख द्यावी.

श्रेय देण्यात कसूर करू नये. कृती आत्याकडून शिकला असाल, शेजारच्या काकूंनी फोनवर सांगितली असेल, तर त्यांना विचारून तसे लिहावे. कोणाकडून आले हे सांगितल्याने पदार्थाला घर मिळते. पदार्थ करण्याची पद्धत कोणा एकाच्या मालकीची नसते, परंतु ती सांगणारे शब्द आणि छायाचित्रे यांवर कॉपीराइट असतो, म्हणून दुसऱ्याचा मजकूर थोडे शब्द फिरवून आपल्या नावावर घेऊ नये. माझी काही छायाचित्रे एका पानाने न विचारता उचलली होती; ज्या पहाटे थंडीत कुडकुडत ती काढली होती ती आठवून फार वाईट वाटले, आणि तेव्हापासून दुसऱ्याचे एखादे चित्र हवे असले की मी आधी परवानगीचे पत्र लिहितो.

लेख प्रसिद्ध करण्यापूर्वी एक शेवटची तपासणी करावी. घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या व्यक्तीला तो लेख वाचून पदार्थ करायला सांगावे, स्वतः स्वयंपाकघरात स्टुलावर बसावे आणि एकही शब्द बोलू नये. ती व्यक्ती जेथे थांबेल, मान वर करून तुमच्याकडे पाहील, तेथे लेखात एक वाक्य कमी आहे असे समजून वहीत खूण करावी. माझ्या भरिताच्या लेखाची अशी परीक्षा माझ्या वहिनीने घेतली. तिने वांगे ज्योतीवर धरले, चारी बाजूंनी फिरवले, साल काळी झालेली पाहिली आणि माझ्याकडे वळून विचारले, "भाऊजी, हे आतून झालं का नाही, कसं कळायचं?" मी लेखात 'चांगले भाजावे' एवढेच लिहिले होते. त्या रात्री मी ते दोन शब्द काढले आणि तेथे लिहिले: देठाच्या अगदी जवळ, जेथे गर सर्वांत जाड असतो, तेथे सुरीचे टोक खुपसावे, ते अडथळा न येता आरपार गेले आणि वांगे स्वतःच्या वजनाने मधोमध खचू लागले, म्हणजे ते ज्योतीवरून उतरवावे.