व्हीएस कोडचे शॉर्टकट बदलताना ‘व्हेन’ची अट आधी बघा

व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये कंट्रोल धरून के, मग एस दाबा. शॉर्टकटांची यादी उघडेल. हवी ती कमांड शोधा, तिच्यावर डबल क्लिक करा, नवी कळ दाबा आणि एंटर मारा. दुसऱ्या कुणाची शंभर शॉर्टकटांची तयार फाइल आणून चिकटवा, हा सल्ला मात्र ऐकू नका. ज्या चार-पाच कमांडसाठी रोज माउस शोधावा लागतो, तेवढ्याच बदला.

घोळ होतो तो कीबाइंडिंग्ज डॉट जेसन ही शॉर्टकटांच्या नियमांची फाइल हाताने लिहिताना. प्रत्येक नियमात कळ आणि कमांड असते. ‘व्हेन’ ही तिसरी ओळ, म्हणजे कळ कधी चालावी याची अट, ऐच्छिक, म्हणून लोक ती गाळतात आणि तिथेच फसतात. एफ२ घ्या. कोडात कर्सर असेल तर ती व्हेरिएबलचं नाव बदलते, डावीकडच्या फाइलयादीत असाल तर फाइलचं. कळ तीच, अट वेगळी. तिच्यावर अट न घालता तुमची कमांड बसवली की दोन्ही कामं गेली, कारण एडिटर नियम खालून वर वाचतो, जुळलेला पहिला नियम चालवतो, आणि तुमचे नियम मूळ यादीच्या खाली जोडलेले असतात. म्हणून नुसत्या कोडासाठी कळ हवी असेल तर ‘एडिटरटेक्स्टफोकस’ ही अट घालाच. मूळ नियम उडवायचा असेल तर कमांडच्या नावाआधी वजाचं चिन्ह द्या. नवी कळ ठरवण्याआधी यादीत तीच कळ टाइप करून ती आणखी कुठे वापरात आहे ते बघा. याचा कंटाळा करणाऱ्याने नंतर रडू नये.

गोव्यात आपल्याला आणखी एक कटकट. पणजीच्या हॉटेलाची किंवा फोंड्याकडच्या देवस्थानाची वेबसाइट करताना एकाच फाइलीत इंग्रजी कोड आणि मराठी-कोंकणी मजकूर असतो, त्यामुळे कीबोर्ड सारखा बदलावा लागतो. विंडोजमध्ये भारतीय इंग्रजी कीबोर्डवर उजवा ऑल्ट म्हणजे कंट्रोल+ऑल्ट. त्यावर उजवा ऑल्ट आणि ४ दाबल्यावर ₹ उमटतो. कंट्रोल+ऑल्ट+४ शॉर्टकटला दिलात, की खोल्यांचे दर लिहिताना ₹ ऐवजी कमांडच चालेल. कंट्रोल+ऑल्टच्या वाटेला जाऊच नका. कंट्रोल+के आणि मग दुसरी कळ, अशी जोडी करा. लिनक्सवर कीबोर्ड बदलल्यावर शॉर्टकट बिघडले तर सेटिंग्जमध्ये ‘कीबोर्ड डिस्पॅच’ला ‘कीकोड’ करून एडिटर पुन्हा सुरू करा.

तरीही कळ दाबून भलतंच घडत असेल तर कमांड पॅलेटमधून, म्हणजे नाव टाइप करून कमांड चालवायच्या चौकटीतून, ‘टॉगल कीबोर्ड शॉर्टकट्स ट्रबलशूटिंग’ चालवा. कुठली कळ ओळखली गेली आणि कुठली कमांड चालली, ते खाली दिसतं.

मेन्यूंची गोष्ट छोटी. टूलबारवरचं नको असलेलं बटण उजव्या क्लिकने लपवता येतं. वरची मेन्यूपट्टी ‘टॉगल’वर ठेवली की ऑल्ट दाबल्यावरच दिसते. उजव्या क्लिकच्या मेन्यूत स्वतःची कमांड हवी असेल तर व्हीएस कोडमध्ये एक्स्टेंशन लागतं. सब्लाइम टेक्स्ट या दुसऱ्या एडिटरमध्ये मात्र यूजर फोल्डरात ‘कॉन्टेक्स्ट डॉट सब्लाइम-मेन्यू’ ही फाइल बनवून नाव आणि कमांड लिहिलं की पुरे.