कॉकपिटच्या पडद्यावरून काय काढायचं?

वैमानिकावरचा ताण ओळखून त्याच्यासमोरची माहिती कमी-जास्त करणारं मॉडेल बनवणं हा माझ्या संशोधनाचा विषय होता. या वाटेनं येणार असाल तर सुरुवातीला कोडला हातच लावू नका. सिम्युलेटरमध्ये वैमानिकांच्या मागे बसा. उतरण्याच्या तयारीत कोणाची नजर कधी कुठे जाते ते वहीत टिपत राहा. मी हे उशिरा केलं.

माझं पहिलं मॉडेल नाडीचे ठोके आणि नजरेच्या नोंदींवरून ताणाचा अंदाज बांधायचं आणि ताण वाढला की इंधनाचे आकडे काढून टाकायचं. एका चाचणीत वैमानिकांची नजर त्या रिकाम्या कोपऱ्याकडे पुन्हा पुन्हा वळत राहिली. चाचणी संपल्यावर त्यांनी विचारलं, "बिघाड झाला होता, की तुम्ही काढलंत?" पडदा पाहून हे कळायला काहीच मार्ग नव्हता. आता मी आकडा जागेवरून हलवत नाही, फक्त फिका करतो.

लपवणं मुळातच चूक नाही. एअरबस ए३२० विमानात टेक-ऑफच्या वेळी ८० नॉट वेगापासून १५०० फूट उंचीपर्यंत कमी तातडीचे बरेच इशारे रोखलेले असतात. पण तो नियम वैमानिकाला पाठ असतो. आपलं मॉडेल त्याच्या ताणावरून ठरवतं, म्हणजे ते केव्हा काय लपवेल याचा त्याला आधी अंदाजच येत नाही. खरी अडचण इथे आहे.

एअर फ्रान्स ४४७ चा अपघात (१ जून २००९) तर अभ्यासाच खोलात जाऊन. मोजलेला वेग ६० नॉटच्या खाली गेला की स्टॉलचा (पंखांची उचल तुटल्याचा) इशारा बंद पडे, कारण इतक्या कमी वेगाला पंखांवर येणाऱ्या हवेच्या कोनाचं मोजमाप ग्राह्य धरलं जात नसे. स्टॉलमधून सुटायला नाक खाली करावं लागतं, पण ते केलं की वेग वाढून इशारा पुन्हा वाजे. योग्य हालचाल केली की ओरडा, चुकीची केली की शांतता! २२८ माणसं गेली. कारणं अनेक होती, तरी गप्प राहण्याचा कुठलाही नियम लिहिताना मला हेच आठवतं.

ताण नोंदवायला नासा-टीएलएक्स या कामाचा भार मोजणाऱ्या प्रश्नावलीची सहा मापं (१९८८) शिकून घ्या. आणि एकाच वैमानिकाच्या नोंदी मॉडेलच्या प्रशिक्षण व चाचणी दोन्हींत येऊ देऊ नका. माझी सुरुवातीची सुंदर पण फसवी अचूकता त्यातूनच आली होती.

सगळं पूर्ववत दाखवणारं एक बटण ठेवाच. ते कोणी, कोणत्या क्षणी दाबलं याची नोंद ठेवा. मॉडेल सुधारायला मला याहून उपयोगी माहिती दुसरी मिळालेली नाही.