प्लेटलेट्समधलं कॅल्शियम मोजताय? या चुका टाळा

शांत प्लेटलेटच्या पेशीद्रवात कॅल्शियम साधारण १०० नॅनोमोलर असतं. थ्रोम्बिन (प्लेटलेट्सना चेतवणारं एन्झाइम) घातलं की काही सेकंदांत ते मायक्रोमोलरच्या घरात जातं. ही उडी दिसली नाही, की बहुतेक जण फ्ल्युरोमीटर, म्हणजे कॅल्शियम दाखवणाऱ्या रंगद्रव्याची चमक मोजणारं यंत्र, तपासायला घेतात. मी म्हणेन, आधी सुई तपासा.

दंडाचा पट्टा फार वेळ आवळलेला, सुई बारीक, सिरिंज जोरात ओढलेली, यातल्या एकानेही प्लेटलेट्स नळीत पडायच्या आधीच चेततात. मग थ्रोम्बिनला प्रतिसाद द्यायला त्यांच्यात उरतं काय? २१ गेजची सुई वापरा, पहिले २-३ मिलि रक्त प्रयोगासाठी घेऊ नका, सेंट्रिफ्यूजला ब्रेक लावू नका. दात्याने ॲस्पिरिन घेतलीय का, हे विचाराच. प्लेटलेटला केंद्रक नसतं. ॲस्पिरिनने बंद पाडलेलं एन्झाइम ती पुन्हा बनवू शकत नाही आणि परिणाम ७ ते १० दिवस राहतो. आणि नमुना बर्फावर ठेवू नका. इतर पेशींवर काम केलेल्यांचा हात सवयीने तिकडे जातो, पण थंडीत प्लेटलेटचा आकार बदलतो आणि आतलं कॅल्शियमही वाढतं. कुणीतरी हात पुढे करून दिलेलं रक्त असं वाया गेलेलं मला बघवत नाही.

पी२एक्स१ ही एटीपीने उघडणारी वाहिनी अभ्यासत असाल, तर बफरमध्ये अपायरेज, म्हणजे एटीपी मोडणारं एन्झाइम, हवंच. प्लेटलेट्स धुताना गळालेल्या एटीपीने ती आधीच उघडून बधिर होते आणि ‘या दात्यात ही वाहिनी नाहीच’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो आतलं कॅल्शियम कुठलं आणि बाहेरून आलेलं कुठलं, यात. रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या सिट्रेटने बाहेरचं कॅल्शियम बांधलेलं असतं. धुतल्यावर बफरमध्ये १-२ मिलिमोलर कॅल्शियम घालायचं राहून गेलं, तर दिसणारा चढ फक्त आतल्या साठ्याचा असतो. तो छोटाच असणार! बाहेरचा प्रवाह पाहायचा तर ईजीटीएमध्ये (हे बाहेरचं कॅल्शियम पकडून ठेवतं) थॅप्सिगार्जिनने, म्हणजे साठ्यात कॅल्शियम भरणारा पंप बंद करणाऱ्या रसायनाने, साठा रिकामा करा, मग कॅल्शियम परत घाला. साठा रिकामा झाल्याचं स्टिम१ हे प्रथिन ओळखतं आणि ओराय१ ही पेशीच्या पटलातली कॅल्शियम वाहिनी उघडतं. हा दुसरा चढ कमी आला तर ओराय१ला दोष देण्याआधी साठा खरंच रिकामा झाला होता का, ते बघा. उलट, नुसता साठा मोजायचा असेल तर ईजीटीए अगदी शेवटी घाला. प्लेटलेट्स ईजीटीएमध्ये ताटकळत ठेवल्या तर साठा आपोआप आटतो.

आधाररेषा हळूहळू वर सरकतेय? बहुधा फ्युरा-२, म्हणजे कॅल्शियम दाखवणारं रंगद्रव्य, पेशीबाहेर गळतंय. थोडं मँगनीज घाला; ते बाहेरच्या रंगद्रव्याची चमक विझवतं, म्हणून चमक एकदम घसरली तर गळती नक्की. ही गळती रोखणारं प्रोबेनेसिड वापरा, किंवा मोजणीच्या तोंडावर पुन्हा धुवा.

कॅलिब्रेशन, म्हणजे चमकेवरून कॅल्शियमचा आकडा काढण्यासाठी किमान-कमाल मूल्यं ठरवणं, प्रत्येक तुकडीचं वेगळं करा. त्यात किमान मूल्यासाठी ईजीटीए घालता, तेव्हा ते कॅल्शियम पकडताना प्रोटॉन सोडतं, पीएच घसरतो, पकड सैल होते आणि किमान मूल्य खोटंच वर दिसतं. ट्रिस (पीएच सांभाळणारं बफर) घालून पीएच ८ च्या वर ठेवा.