मशीन खरंच झोपलं होतं का? व्हर्च्युअल मशीनच्या सस्पेंड-रिझ्यूम टेस्टिंगमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

सस्पेंड-रिझ्यूमच्या ऑटोमेटेड टेस्टचं काम टीममधल्या नव्या माणसाकडे सहज सोपवलं जातं, कारण वरवर पाहता ते तीन पायऱ्यांचं दिसतं: मशीन झोपवा, उठवा, चालतंय का बघा. स्क्रिप्ट लवकर लिहून होते आणि टेस्ट पासही होते. पण अशा बऱ्याच टेस्ट काहीही तपासत नसतात. गेस्ट (व्हर्च्युअल मशीनमधली सिस्टम) झोपलेलाच नसतो, किंवा झोपेतून उठण्याऐवजी सरळ रीबूट झालेला असतो. एसएसएचला, म्हणजे दुरून लॉगिन करण्याच्या मार्गाला, उत्तर आलं म्हणून टेस्ट पास ठरते. मशीन झोपलं होतं आणि उठलं ते तेच मशीन होतं, या दोन गोष्टींचा पुरावा गोळा करणं हेच या कामातलं खरं कसब आहे.

पुढचं सगळं लिनक्स गेस्ट, क्यूईएमयू-केव्हीएम (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्रॅम आणि कर्नलमधली त्याची जोड) आणि लिबव्हर्ट (त्या मशीन सांभाळणारी लायब्ररी; तिची कमांड ‘विर्श’) यांना धरून आहे. होस्ट म्हणजे हे सगळं ज्यावर चालतं तो खरा संगणक. सरावाला ८ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो. गेस्टला २ जीबी रॅम आणि २ व्हीसीपीयू (व्हर्च्युअल प्रोसेसर) द्या. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू हवं आणि /डेव्ह/केव्हीएम ही फाइल तुमच्या यूजरला वापरता यायला हवी. ती नसेल तरी क्यूईएमयू चालतो, पण निव्वळ एम्युलेशनवर, आणि मग टाइमआउटचे सगळे अंदाज कोसळतात.

सुरुवातीला शब्दांचा गोंधळ निस्तरायला हवा. ‘विर्श सस्पेंड’ ही कमांड नाव काहीही सांगो, गेस्टला झोपवत नाही. ती फक्त व्हीसीपीयू थांबवते. गेस्टच्या कर्नलला याचा पत्ता नसतो, ड्रायव्हरमधली सस्पेंडची एक ओळही चालत नाही, आणि होस्टवर स्थिती ‘पॉज्ड’ दिसते. ‘विर्श सेव्ह’ रॅम फाइलमध्ये लिहून क्यूईएमयूची प्रोसेस बंद करते. तिथेही गेस्ट अनभिज्ञच. गेस्टने स्वतः झोपायला हवं असेल, तर ‘विर्श डॉमपीएमसस्पेंड’ ही कमांड आहे. ती गेस्ट एजंटमार्फत (गेस्टच्या आत चालणाऱ्या मदतनीस प्रोग्रॅममार्फत) आत निरोप देते, गेस्ट एसीपीआय या पॉवर-व्यवस्थेच्या मानकातल्या एस३ (रॅम जागी ठेवून झोप) किंवा एस४ (हायबरनेशन, रॅम डिस्कवर लिहून बंद) अवस्थेत जातो, आणि एस३ असेल तर होस्टवर ‘पीएमसस्पेंडेड’ दिसतं. तुम्हाला ड्रायव्हर किंवा डिस्ट्रो तपासायचा असताना टेस्टमध्ये ‘विर्श सस्पेंड’ दिसली, तर ती टेस्ट चुकीच्या गोष्टीची आहे.

चौथा प्रकार सर्वांत फसवा: एस२आयडल. यात गेस्ट आतल्या आत निवांत होतो, पण क्यूईएमयूला काहीच कळत नाही. स्थिती ‘रनिंग’च राहते आणि बाहेरून उठवण्याची कमांड एरर देते, कारण तिच्या लेखी मशीन झोपलेलंच नाही. यात नकळत पडायला एक साधं कारण पुरतं. व्हर्ट-इन्स्टॉल एक्स८६ गेस्ट तयार करताना डोमेनच्या एक्सएमएलमधल्या ‘पीएम’ भागात रॅम आणि डिस्क हे दोन्ही सस्पेंड ‘नो’ करून ठेवतं. ते ‘येस’ करा, गेस्ट पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा, आणि आत दोन ठिकाणी खात्री करा. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) एसीपीआयच्या ओळीत एस३ आणि एस४ दिसायला हवेत, आणि /सिस/पॉवर/मेम_स्लीप या फाइलमध्ये चौकटी कंसात ‘डीप’ हवं. कंसात एस२आयडल असेल तर कर्नलच्या कमांड लाइनवर ‘मेम_स्लीप_डीफॉल्ट=डीप’ टाका. ही तपासणी टेस्टच्या सुरुवातीलाच करा आणि अट पूर्ण नसेल तर टेस्ट तिथेच फेल करा. ‘स्किप’ केलेली टेस्ट पुढे कुणी उघडून बघत नाही.

खरी झोप घेण्याआधी रंगीत तालीम करता येते. कर्नल पीएम डीबगसह बांधलेला असेल तर /सिस/पॉवर/पीएम_टेस्ट ही फाइल मिळते. तिच्यात क्रमाने फ्रीझर, डिव्हायसेस, प्लॅटफॉर्म, प्रोसेसर्स, कोअर असं लिहायचं आणि दरवेळी सस्पेंड द्यायचं. कर्नल त्या पायरीपर्यंत उतरतो, ५ सेकंद थांबतो आणि परत वर येतो. कोणत्या पायरीवर घोडं अडतं ते बाहेरून काही न उठवता कळतं. तालीम संपली की फाइलमध्ये ‘नन’ लिहायला विसरू नका. ते राहिलं तर पुढचं प्रत्येक सस्पेंड ५ सेकंदांत आपोआप परत येतं आणि वरवरच्या टेस्टला तेही यशच वाटतं.

आता मुख्य फेरी. झोपण्याआधी चार गोष्टी टिपून ठेवा. /प्रॉक/सिस/कर्नल/रँडम/बूट_आयडी ही पहिली: प्रत्येक बूटला ती बदलते, पण एस३ मधून किंवा हायबरनेशनमधून नीट उठल्यावर तीच राहते. दुसरी, /डेव्ह/एसएचएम मध्ये ६४ एमबीची रँडम फाइल आणि तिचा एसएचए२५६ चेकसम. फाइल रॅमवरच हवी. डिस्कवर ठेवली तर ती रीबूटनंतरही सापडेल आणि काहीच सिद्ध होणार नाही. तिसरी, /सिस/पॉवर/सस्पेंड_स्टॅट्स मधला ‘सक्सेस’ आकडा. चौथी, बूटटाइम आणि मोनोटॉनिक या दोन घड्याळांमधला फरक. मोनोटॉनिक घड्याळ झोपेत थांबतं, बूटटाइम चालू राहतं, म्हणून उठल्यावर हा फरक झोपेच्या वेळेइतका वाढलेला हवा, एक-दोन सेकंद इकडेतिकडे धरून. झोप खरोखर झाली याचा एवढा स्वस्त आणि पक्का पुरावा दुसरा नाही.

झोपवण्याची कमांड एसएसएचवरून सरळ दिली तर गेस्ट झोपतो आणि तुमचं सेशन लटकतं. सिस्टमडी-रनने २ सेकंदांनी चालणारं काम लावून सेशन बंद करा, नाहीतर गेस्ट एजंट वापरा. एजंटची ‘गेस्ट-सस्पेंड-रॅम’ कमांड यशस्वी झाली तर उत्तर देतच नाही, त्यामुळे उत्तर न येणं म्हणजे अपयश असं स्क्रिप्टमध्ये लिहू नका. यशाची खूण होस्टवर असते: क्यूएमपीवर (क्यूईएमयूशी बोलण्याच्या चॅनेलवर) येणारा ‘सस्पेंड’ इव्हेंट. तो येईपर्यंत थांबा आणि त्याला ६० सेकंदांची मर्यादा ठेवा. कर्नल प्रोसेस गोठवायलाच मुळात २० सेकंदांपर्यंत वाट पाहतो, त्यामुळे १०-१५ सेकंदांचा टाइमआउट खरं कारण लॉगमध्ये उमटण्याआधीच टेस्ट मारून टाकतो.

इव्हेंटची वाट न पाहता ‘स्लीप १०’ टाकून पुढे जाणं, ही या क्षेत्रातल्या चंचल (कधी पास, कधी फेल होणाऱ्या) टेस्टची सर्वांत मोठी खाण. रिकाम्या होस्टवर ते चालतं. त्याच होस्टवर आणखी आठ गेस्ट सुरू असले की झोप पूर्ण होण्याआधीच उठवण्याची कमांड पोहोचते, एरर येते, आणि मग गेस्ट सावकाश झोपतो तो झोपलेलाच राहतो. आतून आरटीसीवेकने (मशीनच्या हार्डवेअर घड्याळाचा, म्हणजे आरटीसीचा, अलार्म लावणाऱ्या कमांडने) उठवताना हाच दोष दुसऱ्या बाजूने येतो. अलार्म २-३ सेकंदांचा लावला तर तो ड्रायव्हर बंद होत असतानाच वाजून जातो. म्हणून किमान १५, गर्दीच्या होस्टवर ३० सेकंद ठेवा. मुख्य टेस्टमध्ये होस्टवरून उठवणारी ‘विर्श डॉमपीएमवेकअप’ आणि एका वेगळ्या टेस्टमध्ये आरटीसी, अशी विभागणी चांगली, कारण उठवण्याचे ते दोन वेगळे मार्ग आहेत.

झोप मोडून परत आली, तर सस्पेंड_स्टॅट्स मधल्या ‘लास्ट_फेल्ड_डेव्ह’ आणि ‘लास्ट_फेल्ड_स्टेप’ या फाइली आधी वाचा. व्हर्च्युअल मशीनमध्ये नेहमीचा एक संशयित म्हणजे व्हर्टिओ-एफएसने जोडलेलं शेअर्ड फोल्डर. त्याच्या ड्रायव्हरमध्ये सस्पेंडची सोय नसलेल्या कर्नलवर तो स्पष्ट नकार देतो आणि सगळी झोप रद्द होते. टेस्टच्या फाइली आत नेण्यासाठी कुणीतरी ते फोल्डर जोडलेलं असतं, आणि दोष बिचाऱ्या डिस्ट्रोवर जातो. प्रोसेस गोठत नसल्याची तक्रार असेल तर डी अवस्थेत (डिस्क किंवा नेटवर्कच्या उत्तराची वाट बघत) अडकलेली प्रोसेस शोधा. नेटवर्क आधी बंद झालं आणि एनएफएसवर (नेटवर्कवरून जोडलेल्या फाइलसिस्टमवर) काम चालू होतं, हे जुनं कारण आजही भेटतं.

उठताना मशीन लटकणं जास्त कठीण, कारण तेव्हा लॉग लिहायला कुणी जागं नसतं. सिरियल कन्सोल होस्टवरच्या फाइलला जोडा आणि कर्नलला ‘नो_कन्सोल_सस्पेंड’ द्या. बऱ्याचदा शेवटची ओळ दिशा दाखवते. त्यानेही भागलं नाही तर रीसेट करण्याआधी ‘विर्श डंप’ला मेमरी-ओन्ली पर्याय देऊन मेमरी उतरवून घ्या आणि डीबग माहिती असलेल्या कर्नलसोबत ‘क्रॅश’ या टूलमध्ये उघडा. खऱ्या लॅपटॉपवर ही चैन मिळत नाही. पीएम_ट्रेसचा मार्गही आहे: तो शेवटच्या जागेची खूण आरटीसीमध्ये लिहितो आणि पुढच्या बूटच्या डीमेसेजमध्ये ती जुळवून दाखवतो. पण व्हर्च्युअल मशीनची आरटीसी क्यूईएमयूच्या प्रोसेसमध्ये राहते. ‘विर्श डिस्ट्रॉय’ केलं तर खूणही गेली. ‘विर्श रीसेट’ करा. तारीख-वेळ त्या फेरीत बिघडते, म्हणून घड्याळाच्या तपासण्या तेवढ्यापुरत्या बंद ठेवा.

हायबरनेशनचा हिशेब वेगळा. स्वॅप (रॅमची इमेज ठेवायची डिस्कवरची जागा) हवा, कर्नल कमांड लाइनवर ‘रिझ्यूम=’ हवं, स्वॅप फाइल असेल तर ‘रिझ्यूम_ऑफसेट’सुद्धा, आणि सिक्युअर बूटमुळे कर्नल लॉकडाउनमध्ये (कडक सुरक्षा मोडमध्ये) असेल तर हायबरनेशन होतच नाही. यात गेस्ट पूर्ण बंद होतो आणि होस्टने त्याला पुन्हा सुरू करायचं असतं. ‘रिझ्यूम=’ चुकलं असेल तर मशीन नव्याने बूट होतं, लॉगिन मिळतं, सगळं छान दिसतं; फक्त बूट_आयडी बदललेली असते. सरावासाठी /सिस/पॉवर/डिस्क मध्ये ‘टेस्ट_रिझ्यूम’ लिहिलं की कर्नल इमेज लिहून लगेच तिच्यातून परत येतो, मशीन बंद न करता. एक मात्र कटाक्षाने पाळा: हायबरनेट झालेल्या गेस्टची डिस्क मधल्या वेळात जुन्या स्नॅपशॉटवर नेऊ नका, कुठे माउंटही करू नका. स्वॅपमधल्या इमेजला फाइलसिस्टम जशी आठवते तशी ती राहिलेली नसते, आणि उठल्यावर डेटा खराब होतो.

‘विर्श सस्पेंड’ टाकाऊ आहे असं मात्र नाही. होस्ट चालू ठेवून गेस्ट तात्पुरता थांबवायला ती वापरतात, आणि तिची टेस्ट घड्याळाची असते. पॉज संपल्यावर गेस्टचं घड्याळ तेवढ्या वेळाने मागे पडतं. क्रोनीच्या (घड्याळ जुळवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) नेहमीच्या सेटिंगमध्ये मोठी उडी फक्त पहिल्या ३ अपडेटपुरती मिळते. नंतर तो घड्याळ हळूहळू सरकवत बसतो. तासाभराच्या पॉजनंतर टोकन आणि सर्टिफिकेटच्या विचित्र तक्रारी येतात त्या यातून. ‘विर्श डॉमटाइम’ला सिंक पर्याय देऊन वेळ लावा, आणि ती लागली का हे टेस्टमध्ये तपासा.

एका फेरीने समाधान मानू नका. काही दोष तिसाव्या-चाळिसाव्या फेरीला दिसतात: हळूहळू गळणारी मेमरी, न परतलेलं इंटरप्ट, नेटवर्क कार्डाची अडकलेली रांग. रात्रीच्या रनमध्ये एकाच बूटवर १०० फेऱ्या घ्या, आणि प्रत्येक रनसाठी मूळ इमेजवर नवा क्यूकाउ२ ओव्हरले (मूळ इमेज न बदलता फरक वेगळे साठवणारी डिस्क फाइल) बनवा. फेल झालेली फेरी आपोआप पुन्हा चालवण्याची सोय लावू नका. शंभरातली एक फेल हाच तर शोध असतो. त्या फेरीचा सिरियल लॉग, डीमेसेज, सस्पेंड_स्टॅट्स, क्यूएमपी इव्हेंट वेळांसकट आणि /व्हार/लॉग/लिबव्हर्ट/क्यूईएमयू मधली फाइल एकत्र जपा. बग रिपोर्टमध्ये कर्नल, क्यूईएमयू आणि लिबव्हर्टची आवृत्ती, आय४४०एफएक्स की क्यू३५ हा मशीनचा प्रकार, सीबायोस की ओव्हीएमएफ हे फर्मवेअर, आणि कितव्या फेरीला घडलं हे लिहा. यातलं काही गाळलं की पहिलं उत्तर प्रश्नांचंच येतं.

शिकायची सुरुवात कर्नलच्या सोर्समधल्या पॉवर विभागाच्या डॉक्युमेंटेशनपासून करा, मग सोबतच येणारं पीएम-ग्राफ चालवा. त्यातलं स्लीपग्राफ प्रत्येक ड्रायव्हरने झोपायला आणि उठायला किती मिलिसेकंद घेतले याचा आलेख काढतं. पायथॉन आणि लिबव्हर्टचं पायथॉन बाइंडिंग एवढं जमलं की इव्हेंटवर चालणारी टेस्ट स्वतः लिहिता येते. व्हर्च्युअल मशीनला झाकण, बॅटरी आणि एम्बेडेड कंट्रोलर नसतो, त्यामुळे इथे पास झालेला कर्नल एखाद्या लॅपटॉपवर उठताना अडकू शकतो. रिपोर्टच्या पहिल्या ओळीतच हे निकाल व्हर्च्युअल मशीनवरचे आहेत असं लिहा, म्हणजे हार्डवेअर टीम आपली फेरी गाळणार नाही.