महाविद्यालय बंद पडले, सामने रद्द झाले, तर तालुक्याच्या गावाने धंदा कसा सांभाळावा

विदर्भातील तालुक्याच्या गावी महाविद्यालयाच्या फाटकासमोर जी बाजारपेठ उभी राहते, ती प्रामुख्याने बाहेरून येणाऱ्या मुलामुलींच्या पैशावर चालते. खानावळ, भाड्याच्या खोल्या, झेरॉक्सचे दुकान, पोहे-तर्रीची गाडी, सायकल दुरुस्ती, बसस्थानकापर्यंतचा ऑटो, या सगळ्यांचे गिऱ्हाईक आसपासच्या खेड्यांतून येते आणि महाविद्यालय बंद झाले की त्याच दिवशी गावी परत जाते. २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत हे सर्वांनी अनुभवले. तरीही त्यानंतर आपला धंदा नेमका कशावर उभा आहे याचा लेखी हिशेब फार थोड्यांनी मांडला, असे मला दिसते. तो हिशेब कसा मांडावा, करार कसे लिहावेत, सामने भरवणाऱ्या मंडळांनी आगाऊ रक्कम कशी द्यावी आणि सगळे पुन्हा सुरू होताना माल किती भरावा, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

आधी एक दूरचे उदाहरण समजून घ्यावे, कारण अडचणीचे स्वरूप तेथे फार ठळक दिसले. अमेरिकेत कॉलेज फुटबॉल नावाचा खेळ विद्यापीठांचे संघ खेळतात. हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. त्यात चेंडू हातात घेऊन पळतात. पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्टेट कॉलेज या गावाची लोकसंख्या सुमारे ४० हजार, पण तेथील पेन स्टेट विद्यापीठाच्या बीव्हर स्टेडियमची आसनक्षमता १ लाख ६ हजारांहून अधिक आहे. हंगामात घरच्या मैदानावर सहा-सात सामने होतात आणि तेवढ्या शनिवार-रविवारी खाणावळी, लॉज, वाहनतळ आणि कपड्यांची दुकाने वर्षभराच्या कमाईचा मोठा वाटा मिळवतात. मिशिगनमधील ॲन आर्बर, नेब्रास्कातील लिंकन, अलाबामातील टस्कलूसा या गावांचेही अर्थकारण कमीअधिक असेच आहे.

महासाथीच्या वर्षी या गावांना ज्या क्रमाने बातम्या मिळाल्या, तो क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. ८ जुलै २०२० रोजी आयव्ही लीग या विद्यापीठसमूहाने हिवाळ्यापूर्वीचे सर्व सामने थांबवले. ११ ऑगस्टला पेन स्टेट, मिशिगन आणि नेब्रास्का ज्यात आहेत त्या बिग टेन समूहाने हंगाम पुढे ढकलला. १६ सप्टेंबरला त्याच समूहाने निर्णय फिरवला आणि ऑक्टोबरच्या चौथ्या आठवड्यात खेळ सुरूही झाला. मात्र प्रेक्षकांना तिकिटे विकली गेली नाहीत. पुढे आठवड्याला एखादा सामना संघातील संसर्गामुळे रद्द होत राहिला. १९१८ पासून दरवर्षी होत आलेला मिशिगन आणि ओहायो स्टेट यांचा सामना १२ डिसेंबरला ठरला होता. तो अवघ्या चार दिवस आधी, ८ डिसेंबरला रद्द झाला.

व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले, तर यातून दोन गोष्टी निघतात आणि या लेखातील बहुतेक सूचना त्यांवरच आधारलेल्या आहेत. पहिली गोष्ट अशी की, धंद्याला थेट रद्द होण्यापेक्षा पुढे ढकलणे अधिक महाग पडते. रद्द झाले की माणूस माल विकून मोकळा होतो, नोकराला स्पष्ट सांगतो, दुसरे काम धरतो. पुढे ढकलले की तो भाडे भरत, माल सांभाळत आणि उधारीवर व्याज देत वाट पाहत बसतो. दुसरी गोष्ट अशी की, सामना होणे आणि गावाला धंदा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिकाम्या स्टेडियमवरचा सामना दूरचित्रवाणीवर दिसला, विद्यापीठाला प्रक्षेपणाचे पैसे मिळाले, पण फाटकाबाहेरच्या दुकानदाराच्या गल्ल्यात काही पडले नाही. आपल्याकडे महाविद्यालय ऑनलाइन सुरू असते तेव्हा नेमके हेच घडते. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ ऑगस्ट २०२० च्या निकालानंतर अंतिम वर्षाच्या परीक्षा झाल्या, पण बहुतेक विद्यार्थ्यांनी त्या घरूनच दिल्या. ना खोल्या भरल्या, ना झेरॉक्सचे यंत्र चालले.

अवलंबन मोजणे

पहिले काम वहीचे आहे. एका वहीत वर्षाचे बारा महिने लिहावेत आणि प्रत्येक महिन्यापुढे दोन रकाने करावेत: महाविद्यालयामुळे आलेली विक्री आणि गावातली विक्री. अचूक आकडे नसतील तर अंदाजाने भरावेत, परंतु भरावेत. मे महिना आणि दिवाळीची सुटी हे दोन काळ वेगळ्या शाईने लिहावेत, कारण महाविद्यालय नसताना आपण किती कमावतो याचा तोच सर्वांत प्रामाणिक पुरावा आहे. ज्याची मे महिन्यातील विक्री जानेवारीच्या निम्म्याहून कमी आहे, त्याने पुढील सर्व सूचना गंभीरपणे घ्याव्यात.

त्यानंतर बंदच्या काळातही थांबत नाही असा खर्च काढावा. समजा, एका खानावळीत ४० विद्यार्थी महिना २,५०० रुपयांनी जेवतात. जमा झाले १ लाख रुपये. त्यातून किराणा, भाजी आणि गॅस यांवर ६२ हजार, जागेचे भाडे ८ हजार, स्वयंपाक करणाऱ्या दोन बायांचा पगार १४ हजार आणि वीज २ हजार गेले, तर हाती १४ हजार उरतात. खानावळ बंद झाली की किराण्याचा खर्च थांबतो. पण भाडे ८ हजार, बायांना किमान अर्धा पगार म्हणून ७ हजार, विजेचे ५०० आणि घरखर्चाचे १० हजार, असे महिन्याला २५,५०० रुपये लागतच राहतात. हा दुसरा आकडा बहुतेकांना ठाऊकच नसतो. महाविद्यालयाच्या दहा महिन्यांत दरमहा ४ हजार बाजूला टाकले, तर ४० हजार जमतात आणि साधारण दीड महिना निभावतो. टाळेबंदी त्याहून कितीतरी लांबली होती, हे खरे. परंतु दीड महिन्याच्या अवधीत माणूस घाईने दागिना गहाण न ठेवता दुसरे काम शोधू शकतो.

ही रक्कम चालू व्यवहाराच्या खात्यात ठेवू नये. बचत गटातील सदस्य असाल तर गटात, नसाल तर पोस्टातील आवर्ती ठेवीत टाकावी. विद्यार्थ्यांकडून घेतलेली अनामत रक्कम तर मुळीच खर्चू नये. ती आपली नसते, आणि महाविद्यालय बंद होताच चाळीस जण ती एकाच आठवड्यात मागतात.

स्वयंपाकाच्या बायांना अर्धा पगार का द्यावा, असे कोणी विचारील. त्या बहुधा भूमिहीन घरांतील असतात, बंदच्या काळात शेतमजुरीही रोज मिळेलच असे नसते, आणि चाळीस माणसांचा स्वयंपाक वेळेवर उतरवणारा हात एकदा गेला की परत मिळत नाही. माणुसकी आणि धंदा दोन्ही येथे एकच गोष्ट सांगतात.

खोल्यांचा करार

२०२० मध्ये खोलीमालक आणि विद्यार्थी यांच्यात सर्वाधिक वाद झाले ते मागे राहिलेल्या सामानावरून. मार्चमध्ये मुले घाईने गावी गेली, पेट्या आणि पुस्तके खोलीतच राहिली, आणि भाडे चालू की बंद याचे उत्तर कोणत्याच कागदावर नव्हते. तालुक्याच्या गावी अजूनही बरेचसे व्यवहार तोंडी होतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे आवश्यक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे, हे आधी ध्यानात घ्यावे.

करारात बंदच्या काळासाठी स्वतंत्र परिच्छेद असावा. त्याचा मजकूर साधारण असा ठेवता येईल: ‘शासनाच्या किंवा विद्यापीठाच्या आदेशाने महाविद्यालय सलग १५ दिवसांहून अधिक काळ बंद राहिल्यास, सोळाव्या दिवसापासून खोलीत सामान असेपर्यंत निम्मे भाडे आकारले जाईल. विद्यार्थ्याने सामान हलवून किल्ली परत केल्यास त्या दिवसापासून भाडे बंद होईल आणि अनामत रक्कम ३० दिवसांत परत केली जाईल. बंद ९० दिवसांहून अधिक लांबल्यास दोन्ही पक्षांना करार संपवण्याचा अधिकार राहील.’ दिवस आणि प्रमाण आपापसांत ठरवावे. मात्र शेवटची मुदत वगळू नये. ती नसेल तर पुढे ढकलण्याचा सगळा भार एकाच पक्षावर पडतो. निम्मे भाडे ऐकून काही घरमालक नाराज होतील. सोयाबीन-कापसावर जगणाऱ्या घरातला बाप बंद खोलीचे पूर्ण भाडे फार दिवस देऊ शकत नाही आणि शेवटी सामानही नेत नाही. त्यापेक्षा निम्मे मिळत राहणे मालकाच्याच हिताचे आहे.

सामने भरवणाऱ्या मंडळांसाठी

आपल्याकडे फुटबॉलपेक्षा कबड्डी, व्हॉलीबॉल आणि खो-खो यांचे आंतरमहाविद्यालयीन सामने आणि थंडीतले रात्रकालीन कबड्डी सामने यांमुळे गावात माणसे येतात. दोन-तीन रात्रींत चहा, आलुबोंडा, पान आणि पार्किंग यांवर कित्येक कुटुंबे बरी कमाई करतात. म्हणूनच मंडळाचा निर्णय हा केवळ खेळाचा निर्णय नसतो.

मंडप, दिवे, ध्वनिक्षेपक आणि मॅट यांची आगाऊ रक्कम एकदम देऊ नये. ठरवताना एक पंचमांश, सामन्यांच्या आठ दिवस आधी दोन पंचमांश आणि उरलेली काम झाल्यावर, असे तीन भाग करावेत. ठेकेदाराशी होणाऱ्या चिठ्ठीत रद्द होणे आणि पुढे ढकलणे यांचे नियम वेगवेगळे लिहावेत. रद्द झाल्यास पहिला भाग ठेकेदाराचा. पुढे ढकलल्यास तो नव्या तारखेसाठी धरला जाईल. परंतु अमुक तारखेपर्यंत सामने न झाल्यास ते रद्द समजले जातील. संघांचे प्रवेश शुल्क मंडळाच्या बँक खात्यातच ठेवावे आणि परत करण्याचा दिवस पत्रकावर छापावा. बक्षिसांसाठी देणगीदारांकडून फक्त लेखी शब्द घ्यावा; रोख रक्कम सामन्यांच्या आठवड्यातच स्वीकारावी.

टपऱ्या लावणाऱ्यांना मैदानाची जागा देताना त्यांच्याकडून आगाऊ भाडे घेण्याची प्रथा बंद करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. रोजच्या रोज भाडे घ्यावे. रद्द झालेल्या सामन्याचा सर्वांत मोठा फटका सर्वांत लहान माणसाला बसावा, हे कोणत्याही मंडळाला शोभत नाही.

बंदच्या काळातील कमाई

खानावळवाल्यांनी आतापासूनच पाच-सात डबे गावातल्या गिऱ्हाइकांचे धरावेत: बँकेचे आणि तहसीलचे बदलीवर आलेले कर्मचारी, एसटीचे चालक-वाहक, ग्रामीण रुग्णालयातील रुग्णांचे नातेवाईक. नफा थोडा असला तरी चूल विझत नाही. राज्य शासनाची शिवभोजन योजना २६ जानेवारी २०२० रोजी १० रुपयांच्या थाळीने सुरू झाली आणि मार्चच्या अखेरीस थाळी ५ रुपयांची झाली; काही खानावळी व बचत गट या कामामुळे तगले. अशी योजना येते तेव्हा कागदपत्रे तयार असणाऱ्यालाच ती मिळते. म्हणून खाद्यव्यवसायाची अन्नसुरक्षा नोंदणी, लहान उद्योगांसाठी आधारावर विनाशुल्क होणारी उद्यम नोंदणी आणि चालू बँक पासबुक एका फायलीत लावून ठेवावे.

गाडी आणि टपरीवाल्यांसाठी १ जून २०२० रोजी पीएम स्वनिधी योजना आली; तिच्यात सुरुवातीला १० हजार रुपयांचे विनातारण कर्ज मिळत असे आणि वेळेवर फेडल्यास ७ टक्के व्याज अनुदान होते. नगर परिषद किंवा नगर पंचायतीच्या हद्दीत येऊन विक्री करणारे आसपासच्या खेड्यांतील विक्रेतेही तिच्यात धरले गेले. मात्र विक्री प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र लागत असे. ते नगर पंचायतीकडून आधीच मागून घ्यावे.

पुन्हा सुरू होताना

येथेच सर्वाधिक सावधगिरी हवी. अमेरिकेतील चॅपल हिल या गावी नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे वर्ग १० ऑगस्ट २०२० रोजी सुरू झाले आणि १७ ऑगस्टला, म्हणजे एका आठवड्यात, पुन्हा ऑनलाइन नेण्याचा निर्णय झाला. आपल्याकडे राज्य शासनाने १५ फेब्रुवारी २०२१ पासून ५० टक्के उपस्थितीने महाविद्यालये उघडण्यास परवानगी दिली, आणि २२ फेब्रुवारीला अमरावती व अचलपूर शहरांत टाळेबंदी लागली. दोन्ही ठिकाणी अंतर तेवढेच, आठवड्याचे.

म्हणून उघडल्याची बातमी आली तरी पहिले तीन आठवडे किराणा आठवड्यापुरताच भरावा, भले क्विंटलमागे थोडे जास्त मोजावे लागले तरी. प्राचार्यांना किंवा कार्यालयीन अधीक्षकांना दुकानदारांनी मिळून भेटावे आणि तीन गोष्टी विचाराव्यात: वसतिगृहात प्रत्यक्ष किती मुले राहायला आली, बाहेरगावची मुले रोज येत आहेत का आणि पुढील परीक्षा वर्गात होणार की घरून. वेळापत्रकापेक्षा वसतिगृहातील हजेरीवर अधिक विश्वास ठेवावा. एसटीचे मासिक पास किती निघाले, हेही बसस्थानकावर विचारता येते. हजेरी सलग तीन आठवडे निम्म्याच्या वर राहिली की महिन्याचा माल भरावा, दुसऱ्या बाईला पूर्ण पगारावर बोलवावे आणि जुनी उधारी हप्त्याने मागण्यास सुरुवात करावी.