‘काकेरु’ शिकावे ‘लावणे’पासून

परभणीच्या मोंढ्यात ‘यंदा उतारा किती?’ असे विचारले, तर ऐकणारा सोयाबीन एकरी किती क्विंटल झाले ते सांगतो. हाच शब्द तलाठ्याकडे सातबाऱ्याचा, शाळेत धड्यातल्या परिच्छेदाचा आणि साप चावल्यावर विषावरच्या औषधाचा होतो, तरी कोणी गोंधळत नाही, कारण आपण तो शब्द सोबतच्या शब्दांसह ऐकतो. इंग्रजी किंवा जपानी शिकताना मात्र वहीत एका शब्दासमोर एकच अर्थ लिहिला जातो आणि तिथेच घोटाळ्याला सुरुवात होते.

म्हणून वहीत सुटा शब्द न लिहिता त्याचा वापर लिहावा. जपानी ‘काकेरु’ इंग्रजीतून शिकल्यास फोन, चष्मा, कुलूप, गाणे आणि भिंतीवरचे चित्र यांसाठी पाच निराळी क्रियापदे आठवावी लागतात. मराठीत या सर्व गोष्टी आपण ‘लावतो’ आणि जपानी माणूसही ‘देन्वा ओ काकेरु’, ‘मेगाने ओ काकेरु’, ‘कागि ओ काकेरु’ असेच म्हणतो. शर्टाचे बटण आणि कामाला लावलेला वेळसुद्धा यात बसतो. घरात ‘लावणे’ असताना इंग्रजीच्या वाटेने जाणे हा द्राविडी प्राणायामच आहे. अर्थात, साम्य कुठे संपते तेही नोंदवावे: रोप लावायला ‘उएरु’ आणि मलम लावायला ‘नुरु’ लागते, तर पदार्थावर सॉस ओतणे आणि ‘तीन गुणिले चार’मधले ‘गुणिले’ हेही ‘काकेरु’च असते.

इंग्रजी ‘रन’ची पारख ‘चालणे’ने करावी. दुकान, यंत्र आणि एसटी चालते तिथे तो शब्द शोभतो, मात्र वाहणारे नाकही इंग्रजीत ‘रन’च करते. निवडणुकीत अमेरिकी उमेदवार ‘रन’ करतो आणि ब्रिटिश उमेदवार ‘स्टँड’. आपला उमेदवारही उभाच राहतो.

‘हाशि’सारखे शब्द वेगळ्या पानावर ठेवावेत. जेवणाच्या काड्या आणि पूल हे एका शब्दाचे दोन अर्थ नसून दोन स्वतंत्र शब्द आहेत. लिहिताना त्यांची चिन्हे निराळी असतात आणि टोकियोच्या बोलीत काड्यांसाठी ‘हा’ उंच स्वरात, तर पुलासाठी ‘शि’ उंच स्वरात उच्चारतात.

सर्वांत फसवा शब्द ‘दाइजोबु’ होय, कारण ‘चालेल’ आणि ‘नको’ हे दोन्ही अर्थ त्यात आहेत. अजिंठ्याच्या पायऱ्यांवर जपानी पाहुण्यापुढे पाण्याची बाटली धरल्यावर ‘दाइजोबु देस’ असे उत्तर आले, तर बाटली पिशवीत परत ठेवावी.