रेड माउंटन पासचा नकाशा कसा वाचावा

नकाशावाचनाच्या माझ्या वर्गात मुलं आधी उंचीचा आकडा शोधतात. कोलोराडोतल्या या खिंडीचा आकडा ११,०१८ फूट. मी त्यांना सांगतो, तो राहू दे, आधी पाणी बघा.

अमेरिकी भूसर्वेक्षणाची ‘आयर्नटन’ ही १:२४,००० प्रमाणाची शीट टोपोव्ह्यू या त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. जुनी आवृत्ती घ्या, तिच्यावर खाणींच्या खुणा भरपूर आहेत. निळ्या पेन्सिलीने दोन ओढे उगमापर्यंत गिरवा. उत्तरेकडचा रेड माउंटन क्रीक अनकंपाग्रे नदीला मिळतो, दक्षिणेकडचा मिनरल क्रीक अ‍ॅनिमसला. (दोन्ही पाणी शेकडो मैल फिरून शेवटी कोलोराडो नदीतच जातं, याचं मला अजून नवल वाटतं.) दोन उगमांमधली कोरी पट्टी म्हणजे खिंड.

आता खाणी. अर्धा काळा चौकोन म्हणजे शाफ्ट, विहिरीसारखा उभा खड्डा; इंग्रजी वायसारखी खूण म्हणजे आडवा बोगदा. दोन्हींना वेगळा रंग द्या. खिंडीच्या उत्तरेला, १८८२ साली सापडलेल्या यांकी गर्ल खाणीच्या आसपास, शाफ्ट दिसतील. हा भाग प्राचीन ज्वालामुखीच्या खचलेल्या मुखाच्या कडेवर आहे. तिथल्या भेगाळलेल्या खडकात चांदीचं खनिज उभ्या नळकांड्यांत साठलं होतं, म्हणून माणसं सरळ खाली खणत गेली. खाली भेटलं आम्लाचं पाणी. त्याने पंप आणि नळ खाऊन टाकले. पुढे ओढ्याच्या पातळीजवळून जोकर टनेल खोदला, म्हणजे पाणी आपोआप वाहून जाईल. त्याचं तोंड शोधा आणि समोच्चरेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) मोजून यांकी गर्लच्या शाफ्टपेक्षा ते किती खाली आहे ते काढा. हा हिशेब मी कुणालाही चुकवू देत नाही, कारण खाणमालकांनाही तोच करावा लागला होता.

शेवटी रेल्वे. रस्ते आणि रेल्वे बांधणाऱ्या ओटो मियर्सने १८८८ साली दक्षिणेकडच्या सिल्व्हर्टन गावाहून खिंड ओलांडून उत्तरेकडच्या आयर्नटन गावापर्यंत रूळ आणले. आयर्नटनपुढे युरे गाव काही मैलांवरच, पण रूळ तिथे कधीच पोचले नाहीत. कारण नकाशावरच सापडतं. कागदाची कड आयर्नटनपासून उत्तरेला ओढ्याच्या बाजूने ठेवा, जिथे समोच्चरेषा तिला छेदते तिथे टिंब द्या. आधी टिंबं लांब लांब पडतील, मग घळीत ती एकमेकांना चिकटतील. रेल्वेला तेवढा उतार झेपत नाही. घोडागाड्यांचा रस्ता मात्र तिथेच कडा फोडून नेला होता. आजचा ५५० क्रमांकाचा महामार्ग बराचसा त्याच वाटेने जातो.